जेट योजना : जपानच्या सरकारी शाळांतील सहायक इंग्रजी शिक्षकांचा इतिहास

जपानच्या सरकारी शाळांत इंग्रजीच्या अध्यापनाला साहाय्य करण्यासाठी परदेशी पदवीधरांना दरवर्षी बोलावून घेणारी, आणि ‘जपान एक्स्चेंज अँड टीचिंग’ या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘जेट’ म्हणून ओळखली जाणारी योजना १९८७ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ तरुण-तरुणी जपानात दाखल झाले. पुढे देशांची संख्या वाढत गेली आणि २००२ मध्ये एकाच वेळी काम करणाऱ्यांचा आकडा ६,२७३ वर पोहोचला. एवढा विस्तार पाहता ही शिक्षण खात्याने आखलेली योजना असावी असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तिची कल्पना, तिचा पैसा आणि तिची प्रशासकीय चौकट ही तिन्ही शिक्षण मंत्रालयाच्या बाहेरून आली, आणि वर्गात या योजनेमुळे जे घडले व जे घडू शकले नाही, त्याचा उलगडा बराचसा या जन्मकथेतूनच होतो.

इंदापूर आणि बारामती तालुक्यांच्या शिवेवर, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर आणि श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याच्या भोवती वाढलेल्या भवानीनगरच्या स्मरणिकेत या परदेशी योजनेच्या इतिहासाला जागा देण्याचे प्रयोजन आहे. भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे या पट्ट्यातील मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजीचा सगळा भार ती भाषा स्वतः मराठीतूनच शिकलेल्या स्थानिक शिक्षकाने वाहिला. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने इंग्रजीचा आरंभ आठवीपर्यंत पुढे ढकलला, नंतर तो पाचवीवर आला आणि प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० सालापासून, पहिलीवर आला; पण कोणत्याही टप्प्यावर वर्गात दुसरा माणूस आणून उभा करावा असा विचार झाला नाही. जपानने नेमके तेच केले, आणि तेही टोकियोपुरते न ठेवता भाताच्या शेतीची गावे, मासेमारीची बंदरे आणि दूरची बेटे यांच्यापर्यंत नेले. म्हणून ग्रामीण महाराष्ट्रातील वाचकाला ही तुलना दिल्ली-मुंबईच्या तुलनेपेक्षा जवळची वाटावी.

परदेशी शिक्षक जपानला १९८७ मध्ये नवा नव्हता. मेइजी राजवटीत, म्हणजे १८६८ नंतरच्या आधुनिकीकरणाच्या काळात, सरकारने पाश्चात्त्य तज्ज्ञांना मोठ्या वेतनावर नेमले होते. लाफ्काडिओ हर्न हा लेखक १८९० मध्ये मात्सुए या आडवळणाच्या गावी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवण्यासाठी गेला तो याच परंपरेत, आणि पुढे टोकियोच्या शाही विद्यापीठातील त्याची जागा १९०३ मध्ये नात्सुमे सोसेकी या जपानी लेखकाकडे गेली, हेही त्या काळाला धरूनच झाले; परदेशी माणसाकडून विद्या घ्यायची आणि देशी माणूस तयार होताच त्याला मोकळे करायचे, असा तो रोकडा व्यवहार होता. देशी अध्यापकांच्या हाती आल्यावर इंग्रजी ही वाचून उलगडण्याची भाषा झाली. इंग्रजी वाक्यातील शब्दांना जपानी प्रतिशब्द द्यायचे, त्यांचा क्रम जपानी वाक्यरचनेप्रमाणे फिरवायचा आणि अर्थ लावायचा, या पद्धतीला जपानीत ‘याकुदोकू’ म्हणतात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्यांच्या आधीच्या पिढ्या वाढल्या त्या मराठी वाचकांना ती निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

या पद्धतीला पहिला मोठा धक्का देण्याचा प्रयत्न १९२२ मध्ये झाला. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने हॅरल्ड पामर या इंग्रज भाषाशिक्षणतज्ज्ञाला सल्लागार म्हणून बोलावले आणि पुढच्याच वर्षी त्याच्या नेतृत्वाखाली इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी टोकियोत एक संस्था उभी राहिली. आधी कान आणि जीभ, मग डोळा आणि लेखणी, हे पामरचे सूत्र; निवडक शब्द आणि निवडक वाक्यरचना टप्प्याटप्प्याने द्याव्यात हा त्याचा आग्रह. त्याचा सहकारी ए. एस. हॉर्नबी याने जपानी विद्यार्थ्यांच्या अडचणी डोळ्यांपुढे ठेवून तयार केलेला कोश १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला, आणि तोच पुढे ऑक्सफर्डचा ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ कोश म्हणून महाराष्ट्रातील इंग्रजी शिक्षकांच्या टेबलावर आला. योगायोग असा की पामर जपानात काम करीत होता त्याच काळात ढाक्यात मायकेल वेस्ट बंगाली मुलांसाठी शब्दसंख्या मर्यादित ठेवून वाचनपुस्तके तयार करीत होता. पामर आणि वेस्ट यांनी इतर दोघांसह १९३६ मध्ये शब्दनिवडीचा जो अहवाल प्रसिद्ध केला, त्याच विचाराची पुढची शाखा १९५८ मध्ये हैदराबादला स्थापन झालेल्या केंद्रीय इंग्रजी संस्थेच्या मार्गाने भारतीय शाळांच्या पाठ्यपुस्तकांत उतरली. जपानी आणि मराठी शाळांच्या इंग्रजीचे नाते त्यामुळे दिसते त्यापेक्षा जुने आहे. जपानात मात्र पामरचे काम वर्गात फारसे रुजले नाही. महायुद्धात इंग्रजी ही शत्रूची भाषा ठरली आणि युद्धानंतर, १९४७ च्या नव्या शालेय रचनेत ती परत आली तेव्हा तिचे आसन प्रवेशपरीक्षेने आधीच ठरवून टाकले होते. कनिष्ठ माध्यमिक शाळेत ती कागदोपत्री ऐच्छिक विषय राहिली, पण उच्च माध्यमिक शाळेच्या प्रवेशपरीक्षेत ती असल्याने प्रत्यक्षात कोणालाही टळली नाही. कागदावरचा ‘ऐच्छिक’ हा शब्द २००२ मध्ये गेला.

या पार्श्वभूमीवर शिक्षण मंत्रालयाने १९७७ मध्ये अमेरिकी पदवीधरांची एक लहान तुकडी बोलावली. त्यांनी प्रांतिक शिक्षण मंडळांत बसून जपानी इंग्रजी शिक्षकांना मदत करावी, अशी अपेक्षा होती. पुढच्याच वर्षी ब्रिटिश पदवीधरांसाठी वेगळी योजना निघाली, तिचा भर प्रत्यक्ष शाळेवर होता. दोन्ही योजना बेताच्या आकाराच्या होत्या आणि त्यांचा उद्देश सरळ होता. त्या तशाच चालू राहिल्या असत्या तर आज त्यांच्यावर स्मरणिकेत लिहावे असे काही उरले नसते.

त्यांचे रूप पालटले ते शिक्षणामुळे नव्हे, व्यापारामुळे. १९८० च्या दशकात जपानची निर्यात इतकी वाढली की अमेरिकेशी होणाऱ्या व्यापारातील शिल्लक हा दोन्ही देशांच्या राजकारणातला कळीचा प्रश्न झाला. जपान माल विकतो, पण माणसांना दार उघडत नाही, अशी टीका होऊ लागली. पंतप्रधान यासुहिरो नाकासोने यांनी ‘आंतरराष्ट्रीयीकरण’ हा त्या काळाचा परवलीचा शब्द केला. हजारो परदेशी तरुणांना सरकारी खर्चाने जपानी गावांत राहण्यास बोलावणे हे या टीकेला दिलेले एक ठळक उत्तर होते, आणि ते देण्यासाठी तीन मंत्रालये तीन वेगवेगळ्या हेतूंनी एकत्र आली. स्थानिक स्वराज्य संस्थांचा कारभार पाहणाऱ्या गृहव्यवहार मंत्रालयाला गावपातळीवर परदेशाशी संबंध यावा असे वाटत होते. परराष्ट्र मंत्रालयाला मायदेशी परतणारे हे तरुण जपानचे मित्र म्हणून हवे होते. आणि शिक्षण मंत्रालय, ज्याच्या वर्गांत ही माणसे जाणार होती, ते तिघांत सर्वांत सावध होते. त्यांनी इंग्रजी बोलणारे हजारो तरुण मागितले नव्हते. ते त्यांच्या पदरात पडले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

योजनेचा पैसाही याच विभागणीने ठरला. जपानमध्ये राष्ट्रीय करांचा काही हिस्सा गरजेच्या प्रमाणात स्थानिक संस्थांना वाटला जातो, आणि एखाद्या संस्थेने किती जेट शिक्षक नेमले हे त्या गरजेच्या हिशेबात धरले जाते. म्हणजे पगार देते नगरपालिका किंवा प्रांत, करारावर सही त्यांचीच, पण त्याची भरपाई वरून होते. प्रांत ही जपानमधील ४७ मोठ्या प्रशासकीय घटकांसाठी वापरलेली संज्ञा. उच्च माध्यमिक शाळा सामान्यतः प्रांताच्या आणि त्याखालच्या शाळा नगरपालिका व गावांच्या अखत्यारीत असतात, जिल्हा परिषदेच्या शाळांशी परिचित असलेल्या वाचकाला ही रचना लवकर उमगेल. या व्यवस्थेमुळे योजनेचा ओढा महानगरांपेक्षा लहान गावांकडे राहिला, कारण स्वतःच्या तिजोरीतून परदेशी शिक्षक ठेवणे ज्यांना कधी परवडले नसते त्यांनाच तिचा खरा उपयोग होता. प्रवास, प्राथमिक प्रशिक्षण आणि तक्रारी यांचे काम पाहण्यासाठी स्थानिक संस्थांची एक मध्यवर्ती परिषद १९८८ मध्ये स्थापन झाली. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘क्लेअर’ म्हणतात. १९८७ मध्ये जुन्या दोन्ही योजना नव्या योजनेत विलीन झाल्या होत्या. १९८९ पासून फ्रान्स आणि जर्मनीतूनही उमेदवार येऊ लागले.

सहभागींचे वर्ग तीन. नऊ-दशांशांहून अधिक लोक ‘सहायक भाषा शिक्षक’ असतात. थोडे नगरपालिकांच्या कार्यालयांत अनुवाद व परदेशी संपर्काचे काम करतात आणि त्यांना जपानी येणे आवश्यक असते. आणि अगदी मोजके क्रीडा मार्गदर्शक असतात. सहायक शिक्षकाला मात्र पदवी पुरते. ती कोणत्याही विषयाची चालते, अध्यापनाचे प्रशिक्षण लागत नाही, जपानी भाषा येण्याचीही अट नाही. निवड परदेशांतील जपानी दूतावास व वाणिज्य दूतावास मुलाखतीने करतात. करार एकेका वर्षाचा असतो. त्याचे नूतनीकरण सुरुवातीला तीन वर्षांपर्यंत होऊ शकत असे, २००७ पासून ही मर्यादा पाच वर्षांची झाली. २०१२ मध्ये ठरलेल्या वेतनश्रेणीनुसार पहिल्या वर्षी ३३ लाख ६० हजार येन आणि चौथ्या-पाचव्या वर्षी ३९ लाख ६० हजार येन असे वार्षिक वेतन होते. जपानी शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, पण पाश्चात्त्य विद्यापीठांचे पदवीधर मे-जूनमध्ये मोकळे होतात, त्यामुळे बहुतेक सहभागी जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये टोकियोत उतरतात, शिंजुकू भागातील मोठ्या हॉटेलात दोन-तीन दिवसांचे मार्गदर्शन घेतात आणि उन्हाळी सुट्टीत ओस पडलेल्या शाळेत जाऊन बसतात. ही एक बाब सगळ्या व्यवस्थेचा स्वभाव सांगून जाते: शिक्षणाचे वेळापत्रक योजनेला जुळवून घेत नाही आणि योजना त्याला जुळवून घेत नाही.

‘सहायक’ हा शब्द नेमणुकीतला अलंकार नव्हता. जपानी कायद्यानुसार शाळेत शिकवण्यासाठी अध्यापनाचा परवाना लागतो. तो नसल्यामुळे परदेशी सहायकाने वर्ग एकट्याने चालवायचा नसून परवानाधारक जपानी शिक्षकाच्या बरोबरीने चालवायचा होता, आणि या पद्धतीला ‘सांघिक अध्यापन’ म्हटले गेले. कल्पना आकर्षक होती. एक शिक्षक विद्यार्थ्यांची भाषा व त्यांची अडचण जाणतो, दुसऱ्याला इंग्रजीचा कान आहे. दोघांनी मिळून पाठ आखावा, संवाद वर्गासमोर करून दाखवावा, मुलांना त्यात ओढावे. पण पाठ आखण्यासाठी लागणारा सामाईक वेळ जपानी शिक्षकाकडे नव्हता, कारण त्याच्यावर वर्गाची जबाबदारी, खेळांचे व छंदांचे मंडळ, पालकांच्या भेटी आणि प्रवेशपरीक्षेची तयारी एवढे सगळे होते. शिवाय ज्याने वीस वर्षे व्याकरण शिकवले पण इंग्रजीत सलग संभाषण कधी केले नाही, त्याला विद्यार्थ्यांसमोर एका बावीस वर्षांच्या परदेशी पदवीधराशी इंग्रजीत बोलावे लागणे हा कसोटीचा प्रसंग होता, आणि त्याची धास्ती समजून घेण्यासारखी आहे. मग अनेक ठिकाणी एक सोपी तडजोड झाली: जपानी शिक्षक शिकवत राहिला, सहायक उतारा मोठ्याने वाचून दाखवू लागला. ‘माणसाच्या रूपातला टेपरेकॉर्डर’ हे वर्णन सहभागींनी स्वतःसाठी वापरले ते याच अनुभवातून. त्यातही एका सहायकाकडे अनेक शाळा असत, एखाद्या वर्गाच्या वाट्याला तो महिन्यातून एकदा किंवा सत्रातून एकदाच येई, आणि अशा भेटीत स्वतःची ओळख करून देणे, देशाचा नकाशा दाखवणे आणि एखादा खेळ घेणे यापलीकडे फारसे काही होणे शक्य नव्हते.

सगळीकडे असेच होते असे मात्र म्हणता येत नाही. जेथे जपानी शिक्षक उत्साही होता आणि सहायक दोन-तीन वर्षे एकाच शाळेत राहिला, तेथे विद्यार्थ्यांची डायरी इंग्रजीत तपासण्यापासून वक्तृत्वस्पर्धेच्या तयारीपर्यंत पुष्कळ काम झाले. गावाच्या वार्षिक उत्सवात पालखी खांद्यावर घेणारा, दुकानदाराशी मोडक्या जपानीत बोलणारा परदेशी माणूस हा अशा गावांना झालेला पहिला जिवंत परिचय होता. ‘प्रत्येक ठिकाणची गोष्ट वेगळी’ हे वाक्य सहभागींमध्ये इतके रूढ झाले की त्याचे चार अक्षरी इंग्रजी संक्षिप्त रूप चेष्टेने वापरले जाऊ लागले.

खरा अडथळा परीक्षेचा होता. १९८९ च्या अभ्यासक्रम-मार्गदर्शक तत्त्वांनी उच्च माध्यमिक स्तरावर ‘मौखिक संप्रेषण’ हा वेगळा विषय आणला. अनेक शाळांनी त्या तासिकांत व्याकरणच शिकवले, कारण विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत बोलणे विचारले जात नव्हते. राष्ट्रीय प्रवेशपरीक्षेत श्रवणाचा भाग यायला २००६ साल उजाडले, म्हणजे योजना सुरू होऊन १९ वर्षे झाली होती. खाजगी संस्थांच्या चाचण्यांमार्फत बोलण्याची परीक्षा प्रवेशात आणण्याचा सरकारचा बेत, ग्रामीण व गरीब विद्यार्थ्यांवर अन्याय होईल या आक्षेपामुळे, नोव्हेंबर २०१९ मध्ये पुढे ढकलावा लागला. टोकियो महानगराने मात्र २०२२ पासून सरकारी उच्च माध्यमिक प्रवेशासाठी बोलण्याची चाचणी घेतली. महाराष्ट्राला हे प्रकरण अनोळखी नाही: दहावीच्या भाषाविषयांतील २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन, ज्यात तोंडी परीक्षाही होती, मार्च २०१९ च्या परीक्षेत काढून टाकले गेले, निकाल ७७.१० टक्क्यांवर आला, आणि पुढच्या वर्षी ते गुण परत आले. दोन्ही ठिकाणी बोलणे हे गुणपत्रिकेत आत-बाहेर करीत राहिले. फरक इतकाच की जपानने बोलण्यासाठी माणसे आधी आणली आणि परीक्षेत जागा नंतर शोधली.

शतक बदलल्यानंतर योजनेला बाहेरून स्पर्धक आले. कामगार कायदे सैल झाल्यावर सहायक शिक्षक पुरवणाऱ्या खाजगी कंपन्या निघाल्या, आणि खर्च कमी करू पाहणाऱ्या शिक्षण मंडळांनी त्यांच्याशी करार केले. कंपनीच्या माणसाला कमी पगार, सुट्टीत विनावेतन, आणि सेवा-कंत्राटाच्या प्रकारात तर वर्गातील जपानी शिक्षकाने त्याला थेट सूचना देणेही कायद्याला धरून नाही; ज्या वर्गात दोघांनी मिळून शिकवायचे तेथे ही अट किती विपरीत आहे हे सांगायला नको. सहायक शिक्षकांच्या एकूण संख्येत जेटचा वाटा अशा रीतीने घटत सुमारे एक चतुर्थांशावर आला. मे २०१० मध्ये नव्या सरकारने खर्चाची जाहीर छाननी केली तेव्हा जेटलाही उत्तर द्यावे लागले, आणि तेव्हाही प्रश्न जुनाच होता: ही इंग्रजी शिकवण्याची योजना आहे की परदेशांशी मैत्रीची?

पुढच्याच वर्षी, ११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीत अमेरिकेहून आलेले दोन सहायक शिक्षक मरण पावले, एक इशिनोमाकी येथे आणि एक रिकुझेनताकाता येथे. इशिनोमाकीच्या शाळांत त्यांपैकी एका शिक्षिकेच्या नावाने इंग्रजी पुस्तकांचे वाचनकोपरे तिच्या कुटुंबाने उभारून दिले. ईशान्य जपानच्या पुनर्बांधणीत कितीतरी माजी सहभागींनी आपल्या जुन्या गावांसाठी निधी गोळा केला, आणि परराष्ट्र मंत्रालयाने १९८७ मध्ये मनात धरलेला हेतू अशा दुःखद निमित्ताने सफळ झालेला दिसला. त्यानंतर संख्या पुन्हा वाढली. २०१९ मध्ये ५७ देशांतील ५,७६१ लोक काम करीत होते. प्राथमिक शाळेच्या पाचवी-सहावीत २०११ पासून ‘परकीय भाषेचे उपक्रम’ होते, २०२० पासून तेथे इंग्रजी हा गुणांकनाचा विषय झाला आणि उपक्रम तिसरी-चौथीत आले. सहायकाची गरज वाढली त्याच वर्षी महामारीने सीमा बंद केल्या आणि नवी तुकडी वेळेवर येऊ शकली नाही.

भारताचा या योजनेतील सहभाग लहान आहे. आरंभीच्या काळात इंग्रजीच्या सहायकांची निवड इंग्रजी ही मातृभाषा असणाऱ्या देशांपुरतीच होती, आणि सिंगापूर, जमैका यांसारखे देश आल्यावरही भारतीय इंग्रजीविषयी संकोच उरला. नवी दिल्लीतील जपानी दूतावासामार्फत भारतीय उमेदवार निवडले जातात, पण त्यांची संख्या अमेरिकी तुकडीपुढे नगण्य आहे. महाराष्ट्राचे जपानशी असलेले नाते वेगळ्या वाटेने गेले. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची परंपरा अनेक दशकांची आहे, तेथून संगणक-अभियंते व दुभाषे टोकियोला गेले, आणि २०१७ मध्ये दोन्ही सरकारांनी भारतात १,००० जपानी भाषा-शिक्षक तयार करण्याचे ठरवल्यावर २०१८ मध्ये नवी दिल्लीत त्यांच्या प्रशिक्षणाचे केंद्र सुरू झाले. येथे प्रशिक्षणाची दिशा जेटच्या उलट आहे, कारण परदेशी तरुणाला वर्गात उभा करण्याऐवजी भारतीय शिक्षकालाच तयार करण्यावर भर दिला गेला.

मराठी माणूस जपानी सरकारी शाळेत पोहोचला तो जेटमधून नव्हे. अंबरनाथला जन्मलेले, पुण्यात शिकलेले आणि पुढे जपानी नागरिकत्व घेतलेले योगेंद्र पुराणिक एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या एडोगावा प्रभागाच्या विधिमंडळावर निवडून आले, आणि त्यानंतर इबाराकी प्रांताने सरकारी शाळांचे प्राचार्य शिक्षणक्षेत्राबाहेरून खुल्या भरतीने नेमण्याचा जो प्रयोग केला त्यातून ते २०२३ मध्ये त्सुचिउरा येथील एका जुन्या, नावाजलेल्या उच्च माध्यमिक शाळेचे प्राचार्य झाले. वर्गातील दुय्यम जागेपेक्षा शाळेच्या सर्वोच्च जागेवर भारतात जन्मलेल्या माणसाला बसवणे एका प्रांताला शक्य झाले. जेटच्या करारात परदेशातून येणाऱ्या पदवीधराचे पदनाम आजही ‘सहायक’ असेच लिहिले जाते.